म्हातारपणीचं सरकारी साहाय्य: कागद कुठून सुरू करायचे, अर्ज कुठे अडतो आणि मग काय करायचं

गावाकडे याला सरसकट ‘निराधारचा पगार’ म्हणतात, मग माणूस संजय गांधी योजनेत असो की श्रावणबाळमध्ये. महिन्याला दीड हजार रुपये. एवढ्यात घर चालत नाही, हे खरंच आहे. पण रक्तदाबाच्या गोळ्या, दळण, मोबाईलचा रिचार्ज यासाठी दर वेळी मुलाच्या किंवा सुनेच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, आणि ज्याला मुलगाच नाही त्याच्यासाठी तर तो महिन्यातला एकमेव रोख पैसा असतो.

हा लेख वाचणारे बहुधा स्वतः सत्तरीचे नसतील. आईसाठी, चुलतीसाठी, शेजारच्या आजींसाठी तहसीलच्या चकरा मारणारं घरातलं एखादं माणूस असतं, त्याच्यासाठी हे लिहिलंय. मुख्य सांगणं एकच: योजना निवडण्यात फारशी अडचण नसते, अडचण असते कागदांच्या क्रमात. लोक आधी अर्ज भरतात आणि मग त्रुटी निघेल तसा एकेक कागद शोधत फिरतात. उलट करा. आधी नाव, मग बँक, मग दाखले आणि अर्ज सगळ्यात शेवटी.

आधी योजना कोणती ते बघा

महाराष्ट्रात वयाची रेघ ६५ वर आहे. ६५ पूर्ण झाली असतील आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल तर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. तिचे दोन गट आहेत. दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असेल तर गट ‘अ’. यात केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तीवेतन योजनेचे २०० रुपये आणि राज्याचे १,३०० मिळून दीड हजार होतात. वय ८० झालं की केंद्राचा वाटा ५०० होतो, राज्याचा तेवढा कमी होतो, हातात येणारी रक्कम तीच राहते. यादीत नाव नसेल पण उत्पन्न कमी असेल तर गट ‘ब’, त्यात सगळे दीड हजार राज्याचे. गट ‘अ’मधल्या माणसाच्या पासबुकात दोन वेगवेगळ्या नोंदी दिसू शकतात. ‘या महिन्यात दोनशेच आले’ म्हणून घाबरून जाण्याआधी खालची ओळ बघा.

६५ पूर्ण व्हायची असतील तर संजय गांधी निराधार अनुदान योजना. पण तिथे नुसती गरिबी पुरत नाही, कारण लागतं: विधवा, घटस्फोटित किंवा परित्यक्ता, दिव्यांग, किंवा पक्षाघात, कर्करोग, क्षय, कुष्ठरोग अशा आजाराने कमावणं बंद झालेला माणूस. उत्पन्नाची मर्यादा इथेही २१,००० रुपये, दिव्यांगांसाठी ५०,०००. दोन्ही योजनांतल्या दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० करण्यात आली आहे. त्यामुळे घरातल्या वृद्ध माणसाला ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल आणि प्रमाणपत्र काढलेलं नसेल, तर ते काढून घ्या. कानाने ऐकू न येणं, मोतीबिंदू बिघडून गेलेली दृष्टी, अर्धांगवायूने लुळा पडलेला हात, हे सगळं घरचे ‘वयाचं आहे’ म्हणून सोडून देतात आणि महिन्याचे हजार रुपये बुडतात.

‘लाडकी बहीण’ घेणाऱ्या बायांबद्दल इथेच सांगायला हवं, कारण यात गैरसमज मोठा आहे. ती योजना ६५ पूर्ण होईपर्यंतच आहे. त्यानंतर पैसे आपोआप श्रावणबाळमध्ये वळत नाहीत. नवा अर्ज करावा लागतो आणि तो वेगळ्या निकषावर तपासला जातो: तिथे कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत चालायचं, इथे २१ हजारांच्या आत लागतं. म्हणजे काही जणींचे पैसे ६५ला बंदच होणार, ही कडू गोष्ट आधी कळलेली बरी. ज्या बसू शकतात त्यांनी वाढदिवसाच्या तीन-चार महिने आधीपासून कागद गोळा करायला लागावं.

गोव्यात राहणाऱ्यांसाठी हिशोब वेगळा आहे. तिथे दयानंद सामाजिक सुरक्षा योजना ६० पासून लागू होते, ज्येष्ठांना महिन्याला २,००० रुपये मिळतात आणि १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. सिंधुदुर्गातून कामासाठी तिकडे गेलेल्यांनी ही १५ वर्षं सिद्ध कशी होतील ते आधी बघावं. महाराष्ट्रातल्या योजनांनाही १५ वर्षांच्या रहिवासाचीच अट आहे, आणि दोन राज्यांत अर्धं-अर्धं आयुष्य गेलेला माणूस दोन्हीकडून सुटतो.

नाव आणि वय जुळवा

आधारवर ‘विठाबाई’, रेशनकार्डावर ‘विठ्ठाबाई’, बँकेत माहेरचं आडनाव, मतदार यादीत नवऱ्याच्या नावात चूक. प्रत्येक ठिकाणी वेगळ्या माणसाने कानाने ऐकून लिहिलेलं असतं, त्यामुळे हे होतंच. सगळे कागद एका चटईवर मांडा आणि नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख हे चारच रकाने ताडून बघा. जे आधारवर आहे त्याला बाकीचं जुळवणं सहसा सोपं पडतं, कारण आधारवरचं नाव दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. ती एक संधी घाईत घालवू नका.

जन्मतारखेचं दुखणं तर घरोघरी आहे. शाळेत न गेलेल्या किती तरी म्हाताऱ्यांच्या आधारवर १ जानेवारी ही तारीख आहे, कारण वर्ष अंदाजाने टाकलं की तारीख तशी पडायची. ते अंदाजाचं वर्ष खऱ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी पुढचं असेल तर माणूस प्रत्यक्षात सत्तरीचा असून कागदावर ६३ चा राहतो. वयाच्या पुराव्यासाठी जन्मनोंदीचा उतारा किंवा शाळा सोडल्याचा दाखला चांगला. तोही नसेल तर रेशनकार्ड किंवा मतदार यादीतल्या वयाचा उतारा, नाहीतर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचा किंवा त्याहून वरच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला योजनेत धरला जातो. शाळेचा प्रयत्न सोडू नका. चौथीपर्यंत शिकून नाव काढलेल्या माणसाची नोंदसुद्धा जिल्हा परिषदेच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये सापडते. मुख्याध्यापकांना अंदाजे वर्ष सांगा आणि जुन्या वह्या स्वतः बसून चाळण्याची तयारी दाखवा.

बँकेत जाऊन नेमका कोणता प्रश्न विचारायचा

डिसेंबर २०२४ पासून हे पैसे थेट लाभ हस्तांतरणातून, म्हणजे डीबीटीने येऊ लागले. ते खाते क्रमांकावर येत नाहीत, आधार क्रमांकावर येतात, आणि आधार ज्या खात्याशी डीबीटीसाठी जोडलेला असेल त्या खात्यात पडतात. म्हणून बँकेत ‘आधार लिंक आहे का’ एवढंच विचारून परत येऊ नका. लिंक असतंच, केवायसीसाठी केव्हाच झालेलं असतं. ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग याच खात्याला आहे का’ असं विचारा, नसेल तर त्यासाठीचा संमती अर्ज भरून पोच घ्या.

एका आधारला एका वेळी डीबीटीचं एकच खातं असतं आणि शेवटी जोडलेलं खातं चालतं. कुणी तरी गावात येऊन अंगठा घेऊन मोबाईलवर पेमेंट बँकेचं खातं उघडून गेलेलं असतं, आजींना ते आठवतही नाही, आणि पगार त्या खात्यात जाऊन पडतो. पैसे ‘बंद’ झाल्याची तक्रार घेऊन तहसीलला जाण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती बघून घ्या. त्यासाठी आधारला मोबाईल नंबर जोडलेला लागतो, आणि तो नंबर आजींचा स्वतःचा किंवा घरातल्या भरवशाच्या माणसाचाच असावा, सेवा केंद्रवाल्याचा नको.

दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं. ते आधी केवायसी देऊन चालू करून घ्या. आणि खाते उघडताना संयुक्त खातं नको, एकट्याच्या नावाचं असू द्या, वारस नोंद मात्र करा.

उत्पन्नाचा दाखला: खरी खिंड

२१,००० रुपये वार्षिक म्हणजे महिन्याला १,७५०. शेतावर रोजाने जाणारी बाई महिन्यातले आठ-दहा दिवस कामाला गेली तरी ही रक्कम ओलांडते. मर्यादा इतकी जुनी झाली आहे की तिच्यात बसणारा माणूस खरोखर काही करू शकत नसलेलाच असतो, नाहीतर कागदावर तसा दाखवलेला. माझ्या मते ही मर्यादा वाढवल्याशिवाय या योजनेतला खोटेपणा जाणार नाही. पण आज नियम हा आहे, आणि खोटा दाखला देऊन मंजूर झालेली रक्कम पडताळणीत निघाली तर वसूल होते, हेही लक्षात ठेवा.

जे खरं आहे ते नीट मांडलं तरी पुष्कळ होतं. म्हातारं जोडपं मुलांपासून वेगळं राहत असेल, चूल वेगळी असेल, तर रेशनकार्डही वेगळं हवं. एकाच कार्डावर नोकरीवाला मुलगा असला की उत्पन्न त्याच्यासकट धरलं जातं. रेशनकार्ड विभक्त करण्याचा अर्ज तहसीलच्या पुरवठा शाखेत होतो आणि याला वेळ लागतो, म्हणून उत्पन्नाच्या दाखल्याच्या आधी हे उरका. सातबारावर नाव असेल तर जमीन किती आणि कोरडवाहू की बागायती, हे तलाठी बघणारच. जमीन वाटून दिली असेल पण फेरफार झाला नसेल तर कागदावर अजून तुम्हीच मालक आहात. मात्र पगारासाठी घाईघाईने जमीन मुलांच्या नावावर करू नका. याबद्दल शेवटी सांगतो.

दाखल्यासाठी आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज करा किंवा पोर्टलवर स्वतः. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली उत्पन्नाचा दाखला १५ दिवसांत मिळायला हवा. नाही मिळाला तर त्याच कायद्यात वरिष्ठांकडे अपिलाची सोय आहे. नुसतं ‘अपील करतो’ म्हटल्यावरही बऱ्याच फायली हलतात.

आणि स्टॅम्पपेपरवर पैसे घालवू नका. मार्च २०१५ पासून शासकीय योजनांसाठी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र आणि स्वतः सही केलेल्या झेरॉक्स चालतात. ‘प्रतिज्ञापत्र करून आणा’ म्हणणाऱ्याला नियम कुठला ते नम्रपणे विचारा.

अर्ज भरणं आणि त्याच्या मागे लागणं

अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेत जातो. सेवा केंद्रातून ऑनलाइन भरला तरी शेवटी तिथेच पोहोचतो. सोबत लागतं ते असं: विहित नमुन्यातला अर्ज, फोटो, आधार, रेशनकार्ड, वयाचा पुरावा, १५ वर्षांचा रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीतला उतारा, पासबुकाचं पहिलं पान. विधवा असतील तर पतीचा मृत्यू दाखला, दिव्यांग असतील तर प्रमाणपत्र आणि आजारपणात शासकीय रुग्णालयाचं प्रमाणपत्र. नवऱ्याचा मृत्यू दाखला तीस वर्षांपूर्वी काढलाच नव्हता, असं पुष्कळ वेळा निघतं. मृत्यूची नोंदच नसेल तर उशिरा नोंदणीची प्रक्रिया वेगळी आणि लांबलचक असते. ६५ पूर्ण झालेल्या आजींना मात्र श्रावणबाळमध्ये विधवा असल्याचं सिद्ध करावं लागत नाही, तेव्हा ती वाट विनाकारण धरू नका.

पूर्ण संचाच्या दोन झेरॉक्स काढा. एक घरी पत्र्याच्या पेटीत. अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ऑनलाइन असेल तर अर्ज क्रमांकाची छापील पावती.

पुढे तलाठी चौकशी करून अहवाल देतो. तो गावात येईल त्या दिवशी अर्जदार घरी असावा, शेजारच्या दोघांना सांगून ठेवावं. अहवाल झाला की अर्ज तालुक्याच्या समितीसमोर जातो. समितीवर अशासकीय सदस्य असतात, म्हणजे गावच्या पुढाऱ्यांचं वजन तिथे चालतं, हे उघड गुपित आहे. बैठक कधी होते, आपला अर्ज यादीत आहे का, हे शाखेत जाऊन विचारत राहा. मंजुरी मिळवून देतो म्हणून पहिले दोन-तीन हप्ते मागणारे लोक प्रत्येक तालुक्यात आहेत. ते करतात काय, तर हेच विचारत राहण्याचं काम.

नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. कारण कळलं की निम्मं काम झालं, कारण बहुतेक वेळा ते उत्पन्न, वय किंवा रहिवास यापैकी एकच असतं आणि दुरुस्त कागद जोडून पुन्हा अर्ज करता येतो. उत्तरच येत नसेल तर तालुक्याच्या लोकशाही दिनात, म्हणजे महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, तक्रार घेऊन जा. माहितीच्या अधिकारात ‘माझ्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली’ एवढा एकच प्रश्न विचारला तरी चालतो. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही.

चालू झालेला पगार टिकवणं

दर वर्षी हयातीची पडताळणी होते. ती चुकली की पैसे थांबतात, आणि थांबलेले सुरू करायला नव्या अर्जाइतकाच त्रास होतो. आपल्या तहसीलमध्ये ती कोणत्या महिन्यांत घेतात ते विचारून कॅलेंडरवर खूण करा. उत्पन्नाचा दाखला पुन्हा कधी द्यायचा तेही त्याच वेळी विचारा. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी तलाठ्याला आधी कळवा.

राबून राबून बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि मशीन अंगठा घेत नाही. मग डोळ्याची बुबुळं किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवायचा पर्याय मागा, आधार केंद्रात जाऊन ठसे अद्ययावत करून घ्या. पैसे काढायला पोस्टमन घरी येऊन इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या मशीनवर आधारद्वारे रक्कम देऊ शकतो, खातं दुसऱ्या बँकेचं असलं तरी. ७० पुढच्यांना बँकांनी घरपोच सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगितलेलं आहे.

ग्राहक सेवा केंद्रात अंगठा दिल्यावर पावती घ्या आणि पासबुक भरून घ्या. ‘अंगठा लागला नाही, पुन्हा लावा’ असं म्हणून दोनदा पैसे काढून एकदाच हातात देण्याचे प्रकार घडतात.

पगाराच्या जोडीला आणखी काय

धान्य हे सगळ्यात मोठं. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो, दोन्ही सध्या मोफत. एकट्या म्हाताऱ्या माणसाला प्राधान्य कार्डावर पाचच किलो मिळतं, म्हणून कुटुंबप्रमुख ६० पुढचा आणि सांभाळणारं कुणी नसलेला असेल तर अंत्योदयसाठी पुरवठा शाखेत अर्ज करा. तालुक्याचा कोटा भरलेला असतो, पण कार्ड रद्द होतात तेव्हा जागा निघते. अर्ज नोंदवून ठेवलेला असेल तरच नंबर लागतो.

दवाखान्यासाठी ७० पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार यादीतल्या रुग्णालयात. आधार एवढाच कागद. सत्तरीच्या आतल्यांना रेशनकार्डावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहेच. मात्र दोन्ही योजना भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहेत, रोजच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातूनच घ्याव्यात.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ पुढच्या आणि दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची यासाठी एकदाच ३,००० रुपये खात्यावर मिळतात. अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे. वस्तू घेतल्याचं बिल जपून ठेवा, ते द्यावं लागतं.

एसटीत ७५ पूर्ण असतील तर प्रवास मोफत, ६५ ते ७५ मध्ये अर्धं तिकीट. तहसीलच्या फेऱ्यांना हे उपयोगी पडतं.

एक योजना फार थोड्यांना माहीत असते. आयुष्यभर कीर्तन, भजन, शाहिरी, तमाशा, वाघ्या-मुरळी किंवा गोंधळ केलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या आणि वर्षाला ६०,००० च्या आत उत्पन्न असलेल्या कलावंताला राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन सन्मान योजना आहे. महिन्याला ५,००० रुपये, म्हणजे निराधारच्या तिपटीहून जास्त. अर्ज कुठे आणि कसा करायचा ते पंचायत समितीत विचारा. जिल्ह्याला वर्षाला १०० जणांचीच निवड होते, म्हणून जुने कार्यक्रमपत्रिकांचे कागद, पेपरातली कात्रणं, आकाशवाणीचं पत्र असेल तर ते, मंडळाचे दाखले, जे असेल ते जोडा. आपल्या गावच्या पखवाजवाल्या आजोबांना हे कुणी सांगितलंय का, बघा.

मुलं सांभाळत नसतील तर

मुलगा कमावता आहे म्हणून पगार नामंजूर, आणि तोच मुलगा विचारत नाही. अशांसाठी आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकारी हेच निर्वाह न्यायाधिकरण. साध्या कागदावर स्वतः अर्ज करता येतो, स्वतःला जमत नसेल तर दुसऱ्या कुणाला अधिकार देता येतो. दोन्ही बाजूंनी वकील नसावा, अशी कायद्याचीच तरतूद आहे. निर्वाहखर्च महिन्याला कमाल १०,००० रुपयांपर्यंत ठरवता येतो, आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवसांत निकाल द्यायचा असतो. मूलबाळ नसेल तर ज्याला मालमत्ता मिळणार आहे त्या नातेवाइकाकडूनही खर्च मागता येतो. मुलींवरही जबाबदारी असते, फक्त मुलांवर नाही.

आता जमिनीचं. कलम २३ प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता मुलाने न सांभाळल्यास परत मागता येते. पण ‘सांभाळीन या अटीवर’ हे शब्द बक्षीसपत्रात लिहिलेले असतील तर बाजू भक्कम होते, नसतील तर भांडण लांबतं. म्हणून नावावर करून द्यायचंच असेल तर ते वाक्य लिहून घ्या, आणि राहतं घर शक्यतो हयातीत देऊच नका.

एवढं सगळं करायला जवळचं कुणी नसेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. मराठीत बोला, फोन मोफत आहे. स्त्रिया आणि दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, त्यासाठी तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत अर्ज द्यायचा.